बाकावरून उठलेली मंडळी

नगरच्या आमच्या जुन्या मंडळीत रविवारी मागचे बाक भरतात आणि पुढचे रिकामे राहतात. पाळक मनापासून काम करणारे आहेत, भजनाला पेटी-तबला आहे, नाताळला तर बाहेर मांडव घालावा लागतो. पण नाताळ ते नाताळ मधल्या काळात जीव क्षीण होत चालला आहे, हे सगळ्यांना दिसतं. तरुण मुलं शिकायला पुण्या-मुंबईला जातात, तिथंच स्थिरावतात आणि तिकडच्या नव्या सहभागितांमध्ये जाऊ लागतात. माझी लेक त्यांतलीच. माझा थोरला भाऊ, दादा, आयुष्यभर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक होता, आता निवृत्त आहे. दोघांचा एकमेकांवर फार जीव आहे, पण मंडळी जिवंत कशानं होते या एका प्रश्नावर त्यांचं अजिबात पटत नाही. ईस्टरच्या सुट्टीत एक अख्खी दुपार दोघं यावरच बोलत बसले. मी ऐकत होते ते इथं लिहून काढलं आहे, कारण हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. मध्ये माझंही मत येईल. या वादात मी तटस्थ नाही.

लेक: मामा, तुमच्या मंडळीत माणसं येतात, बसतात, ऐकतात आणि घरी जातात. उपदेश पाळकांनी करायचा, प्रार्थना त्यांनीच करायची, आजाऱ्याच्या उशाशी त्यांनीच जायचं. मग बाकीच्यांनी काय करायचं? अर्पणाची थैली पुढे सरकवायची. अशी मंडळी वाढणार कशी?

दादा: तुमच्या सहभागितेच्या हॉलमध्ये वेगळं काय होतं? माणसं येतात, उभं राहून गातात, घरी जातात. तिथला उत्साह खरा आहे, मी पाहिलाय, मला त्याचं कौतुकही आहे. पण तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचं नाव तुला माहीत असतं का?

लेक: रविवारी नसतं. बुधवारी असतं. दर बुधवारी आमचे घरोघरी गट भरतात. माझ्या गटात एक नर्स आहे, दोन कॉलेजची मुलं आहेत, रिक्षा चालवणारे एक काका आहेत. पाळीपाळीनं एकेकानं शास्त्र उघडायचं. परवा काकांची पाळी होती. त्यांनी मार्कचा चौथा अध्याय घेतला, वादळाचा. शिष्य घाबरलेत आणि प्रभू मचव्याच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. काका म्हणाले, पावसात रस्ता बुडाला की मागच्या सीटवरचा माणूस घाबरून मला विचारतो, तुम्हाला काळजी नाही का. मला काळजी असते, पण मी ती दाखवली तर तो उडी मारेल. त्या दिवसापासून तो अध्याय मला त्यांच्या आवाजातच ऐकू येतो. काका नववीपर्यंत शिकलेत.

दादा: छान सांगितलं त्यांनी. पण पुढच्या बुधवारी ते रोमकरांस पत्र उघडतील, तेव्हा? किंवा कोणी येऊन सांगेल की औषध सोड, विश्वास ठेव, तेव्हा? खेड्यात मी अशी घरं पाहिलीत. एका माणसाच्या आवेशावर चार वर्षं गर्दी होते, मग तो माणूस जातो किंवा घसरतो, आणि उरलेल्या लोकांचा विश्वासच उडतो. त्यांना परत उभं करायला दहा वर्षं लागतात. म्हणून मी आधी शिक्षण म्हणतो. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. पाया घालायला वेळ दिला.

लेक: त्याच पायाबद्दल बोलू. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा नगरचीच ना? जोतीराव फुले ती पाहून गेले. सावित्रीबाई शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याचकडे आल्या. आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली, १८७३ साली सत्यशोधक समाज. फुल्यांनी नगरची शाळा पाहिली आणि स्वतःची शाळा काढली. आपल्या लोकांनी तीच शाळा पाहिली आणि तिथं नोकरी मागितली. मिशनच्या अंगणात उगवलेलं बी दुसऱ्याच्या शेतात चळवळ झालं.

दादा: हे बोलणं सोपं आहे, पोरी. महारवाड्यातून, मांगवाड्यातून, दुष्काळात हाडं उरलेल्या अवस्थेत आलेल्या माणसाला महिन्याचा पगार म्हणजे काय होतं, याचा विचार कर. त्याच्या घराण्यात पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीवर बसलं. आपले पणजोबा त्याच पगारावर मास्तर झाले, म्हणून आज तू संगणकावर बसतेस. त्या पगाराला कमी लेखू नकोस.

लेक: पगाराला कमी लेखत नाही. पण पगाराबरोबर एक सवयही आली, मागायची. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळक मिशनचा. मिशन गेलं तेव्हा काय उरलं? बंगले आणि जमिनी. आणि आज कमिटीच्या बैठकांत त्या जमिनींच्या दाव्यांवर जेवढा वेळ जातो, तेवढा शब्बाथ शाळेवर जातो का? तुम्हीच सांगा.

दादा काही वेळ बोलला नाही. मी इथं लिहिते ते माझ्या जबाबदारीवर: लेकीचं हे म्हणणं मला खरं वाटतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांची ताकद कोर्टाच्या पायऱ्यांवर खर्च झाली आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती माणसं एक टक्क्याहूनही कमी होती. एवढ्याशा समाजाला ही चैन परवडणारी नाही.

दादा: टिळकांना हे शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये काम केलं, ‘ज्ञानोदय’ सांभाळला. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. कल्पना मोठी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एकत्र. परक्या देशाचा पैसा नको, परक्या देशाचा साज नको. तुझं सगळं म्हणणं त्यात आलं. आणि १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. दरबारही त्यांच्यामागे टिकला नाही. एवढा मोठा माणूस, एवढी शुद्ध तळमळ, आणि दोन वर्षं. हे मला कायम बोचतं. ज्याला रचना नाही ते माणसाबरोबर जातं.

लेक: दरबार गेला, पण टिळक गेले का? तुम्ही खेड्यात गेलात तेव्हा अशिक्षित म्हाताऱ्यांना काय पाठ होतं? तुमचा उपदेश की टिळकांची गाणी?

दादा: गाणी.

लेक: मग? त्यांनी अभंगाला, ओवीला आपल्या उपासनेत जागा दिली. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. कीर्तन ऐकायला आलेला माणूस ओटीवर बसतो, त्याला चर्चच्या दारातून आत यावं लागत नाही. दळताना म्हणता येतं ते गाणं घरात शिरतं. टिळकांच्या संघटनेचं जे झालं ते झालं, त्यांनी लोकांच्या तोंडी दिलेलं अजून चालू आहे. म्हणजे टिकतं ते लोकांच्या हातात गेलेलं.

दादा: हो, पण ते गाणं उपासनेच्या पुस्तकात छापलं गेलं, दर रविवारी म्हटलं गेलं, पोरांकडून पाठ करून घेतलं, म्हणून टिकलं. ते पाठ करून घेणारी पंतोजींची आणि बायबलबाईंची फौज तू विसरतेस. उन्हातान्हात, हातात पिशवी घेऊन वाड्या-वस्त्या चालणाऱ्या त्या बायका.

लेक: बायबलबाईंना मी मुळीच विसरत नाही. मला तर वाटतं, खरी मंडळी त्यांनीच चालवली, आणि कमिटीत मात्र त्यांना कधी बसवलं नाही. आता मुक्तीचं घ्या.

(मुक्ती म्हणजे केडगावचं पंडिता रमाबाईंचं सदन. इथं दोघांच्याही आवाजाची पट्टी बदलली.)

लेक: १९०५ साली केडगावात जे झालं, ते कोणी केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या. त्यानंतर १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी. अंगावर धड कापड नाही, पोटात अन्न नाही, कित्येकींना रस्त्यात विकायला काढलेलं. त्याच मुली पुढे पहाटे प्रार्थनेला जमू लागल्या. जूनच्या शेवटी त्यांच्यात अशी जागृती झाली की रडणं, पापांची कबुली, मोठ्यानं प्रार्थना. वर्ग बंद पडले. मग त्यांतल्या शेकडो जणी गट करून आसपासच्या गावांत जायला लागल्या. ज्यांना जगानं टाकलं होतं, त्या सांगायला निघाल्या. कोणत्या सेमिनरीनं पाठवलं त्यांना?

दादा: आता मला बोलू दे, कारण मुक्ती माझ्याही बाजूची आहे. जूनमध्ये जे झालं त्याची सुरुवात जानेवारीत झाली होती. रमाबाईंनी रोज प्रार्थनेला येणाऱ्यांची मागणी केली, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमत. वेल्सची जागृती, खासी डोंगरांतली जागृती, या बातम्या रमाबाई त्यांना सांगत होत्या. आणि त्याही आधी आठ वर्षं त्या मुली काय करत होत्या? वाचायला शिकत होत्या. विणायला, शेतीला, छापखान्यात अक्षरं जुळवायला शिकत होत्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत शास्त्राचं भाषांतर करत होत्या, ते त्याच छापखान्यात मुलींनी छापलं. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. हातात शास्त्र आणि ते वाचता येणारे डोळे, यावर ती आग उतरली. नुसत्या रडण्यावर उतरली असती तर आठवड्यात विझली असती.

लेक: मान्य. पण मामा, शिक्षण तर आपल्या मंडळीनंही दिलं. दीडशे वर्षं दिलं. मग आपल्याकडे का नाही?

दादा: तूच सांग.

लेक: कारण आपलं शिक्षण ऐकण्यापाशी थांबलं. मुक्तीत शिकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी दुसरीला शिकवायची. आपल्याकडे शिकलेला माणूस रविवारी परत त्याच बाकावर येऊन बसतो, जन्मभर विद्यार्थी.

माझ्या मते इथं दुपारच्या बोलण्याचं मर्म होतं. मुक्तीत ज्या खायला घालण्यासाठी आणल्या गेल्या, त्याच पुढे देणाऱ्या झाल्या. ज्या दिवशी घेणारा देणारा होतो, त्या दिवशी मंडळीत चैतन्य येतं. आणि तो बदल किती दूर जाईल याचा अंदाज कोणालाच नसतो. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्या जागृतीवर एक पुस्तिका लिहिली आणि दक्षिण अमेरिकेत, चिलीमधल्या वालपरायसो शहरात राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचा नवरा, विलिस हूवर, तिथल्या मेथडिस्ट मंडळीचा पाळक होता. केडगावच्या मुलींविषयी वाचून त्यांच्या मंडळीत प्रार्थना सुरू झाली, १९०९ साली तिथं जागृती झाली, आणि त्यातून चिलीमधली पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. आज तिथल्या प्रोटेस्टंट लोकांत पेंटेकॉस्टलांचं प्रमाण मोठं आहे. दौंड तालुक्यातल्या अनाथ मुलींची प्रार्थना समुद्रापार एका देशाच्या धर्मजीवनात उतरली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांना कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

दादा: आता पैशाचं बोलू. मुक्तीलाही बाहेरून मदत येत होती. तुझा हॉल भाड्याचा, भाडं कोण भरतं?

लेक: आम्हीच. पण तुम्ही म्हणाल की आम्ही नोकरदार, आम्हाला परवडतं. मग मिझोरामचं बघा. तिथं १८९४ साली दोन मिशनरी पोचले. पुढे खासी डोंगरातली जागृती पाहायला मिझो माणसं १९०६ मध्ये दिवसच्या दिवस पायी चालत गेली आणि आग घेऊन परत आली. पण ती आग टिकली कशावर? मूठभर तांदळावर. बाई रांधायला बसली की शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूच्या भांड्यात. आठवड्याला मंडळीच्या बायका ते गोळा करतात, विकतात, आणि त्यावर सुवार्तिक पाठवले जातात. शंभरहून अधिक वर्षं चाललंय. त्या घरात पैसा नव्हता, पण देणारा हात रोज दोनदा हलत होता. तुम्ही कितीही उपदेश करा, रोज मूठ बाजूला काढणाऱ्या बाईला मंडळी कोणाची आहे हे शिकवावं लागत नाही.

दादा: मुष्टिफंड आपल्याकडेही होता. शाळांसाठी, वसतिगृहांसाठी लोकांनी चालवला. आपल्या मंडळीनं तो उचलला नाही, हे मला मान्य आहे. पण तू म्हणतेस त्यात मला माझं म्हणणंही दिसतं. रोज, त्याच वेळी, त्याच भांड्यात. हा उत्साह नव्हे, शिस्त आहे. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या वेस्लींचं माहीत आहे का तुला? ब्रिस्टलला त्यांनी सभागृह बांधलं आणि डोक्यावर कर्ज झालं. १७४२ साल. बैठकीत फॉय नावाचा एक कप्तान म्हणाला, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, गरिबांना तीही परवडणार नाही. तेव्हा हा म्हणाला, अकरा सगळ्यांत गरीब माणसं माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, देतील तर घेईन, नाही देऊ शकले तर मी भरेन. इतरांनीही तसं करायचं ठरवलं. पेनी गोळा करायला घरी गेल्यावर काय दिसलं? कोणाचा नवरा पितो, कोणी आजारी, कोणी विश्वासापासून दूर गेलेलं. कर्जाच्या हिशेबातून एकमेकांच्या जिवाची काळजी घेणारे बारा-बारांचे गट जन्मले. मेथडिस्ट चळवळ मोठमोठ्या भाषणांवर नाही, त्या दारोदारच्या भेटींवर उभी राहिली.

लेक: आणि त्या गटांचे पुढारी कोण होते? कारागीर, दुकानदार, बायका. पाळक नव्हते.

दादा: नव्हते. हे मी मान्य करतो. पण त्यांना दर आठवड्याला जाब द्यावा लागायचा. तुझ्या बुधवारच्या गटाचा जाब कोण घेतो?

लेकीकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्या मते दादाचा हा मुद्दा सगळ्यांत वजनदार होता. नव्या सहभागितांच्या वाढीत मला हीच उणीव दिसते. बाई सलग तीन आठवडे आली नाही, तर कोणाला कळतं?

लेक: मी विचार करीन यावर. पण आता तुम्ही मला एक सांगा. तुमच्या मंडळीत जात गेली का?

दादा: नाही.

लेक: प्रभुभोजनात एकाच पेल्याला ओठ लावतो आपण. आणि लग्न ठरवताना?

दादा: लग्न ठरवताना अजून विचारतात, मूळचे कोण. महार की मांग. मी असे संबंध मोडताना पाहिलेत, आणि पाळक म्हणून दोन्ही घरी जाऊन बसलोय. १९३८ च्या जानेवारीत बाबासाहेब सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. तुमच्यातली मुलं-मुली शिकली, पण आपल्याच लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही उठला नाहीत, असा त्यांचा रोख होता. ते बोलणं अजून लागू आहे.

लेक: आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर गावंच्या गावं उठली, विहारं उभी राहिली, पोरं भीमगीतं गाऊ लागली. चर्चच्या शेजारच्याच आळीत. तिथं माणसाला सांगितलं गेलं की तू उठ. आपल्याकडे सांगितलं गेलं की तू येत जा.

दादा: तिथं त्यांच्यातलाच माणूस पुढे होता, हाही फरक होता. पण तू म्हणतेस ते मला पटतं. ज्या मंडळीत दोन घरं एकमेकांच्या लग्नाच्या पंगतीत बसत नाहीत, तिला चळवळ कशी म्हणायची? माणसं किती आली हे मोजून काही होत नाही. जेवणाच्या पाटावर कोण कोणाशेजारी बसतं, ते पाहावं. पहिल्या शतकातली भांडणंही त्यावरच होती. अंत्युखियात पेत्र परजातीयांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमची माणसं आल्यावर पाटावरून उठला, तेव्हा पौलानं त्याला तोंडावर सुनावलं.

लेक: मंडळीनं गावासाठीही उठायला हवं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘हरित वसई’ उभी केली, पाण्यासाठी, झाडांसाठी, गुंडगिरीविरुद्ध. त्यात ख्रिस्ती होते, हिंदू होते, शेतकरी होते. धर्मगुरू रस्त्यावर आला, म्हणून लोकांनाही धीर आला. चौथ्या शतकात रोमचा सम्राट ज्युलियन तक्रार करत होता की हे ख्रिस्ती आपल्या गरिबांना तर पोसतातच, आमच्याही गरिबांना पोसतात. अशी तक्रार आपल्याबद्दल नगरमध्ये कोणी करतं का?

दादा: नाही करत. बरं, तू एवढं सांगितलंस. उद्या ही मंडळी तुझ्या हातात दिली तर पहिल्या वर्षी काय करशील?

लेक: तुम्ही काय कराल ते आधी सांगा. तुम्हाला माणसं माहीत आहेत.

दादा: मी पहिल्या वर्षी नवीन काहीच काढणार नाही. मंडळीतली घरं बारा-बारांच्या गटांत वाटेन, आळीनुसार, म्हणजे जुन्या वाड्यांच्या भिंती आपोआप मोडतील. प्रत्येक गटाला एक जण नेमेन, आणि निम्म्या तरी बायका नेमेन. पास्टोरेट कमिटीतल्या कोणालाच नेमणार नाही. दर आठवड्याला प्रत्येक घरी एक फेरी. उपदेशासाठी नाही. फक्त विचारायचं, कसं चाललंय, आणि मूठभर धान्य घ्यायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते सगळे नेमलेले लोक पाळकांपुढे बसतील आणि सांगतील, कोणाच्या घरी काय आहे. पाळकांनी ऐकायचं.

लेक: आणि रविवारी?

दादा: महिन्यातून एका रविवारी शास्त्र उलगडायला त्यांच्यातलाच कोणीतरी. आदल्या आठवड्यात पाळकांनी त्याच्याबरोबर बसून तयारी करून घ्यायची. तुझ्या रिक्षावाल्या काकांसारखा.

लेक: तयारी करून घ्यायची, पण दुरुस्त करू नका. काकांचं बोलणं व्याकरणानं मरेल.

दादा: चुकीचं असेल तर दुरुस्त करीन. बोली मात्र तशीच ठेवीन.

लेक: आणि धान्याचं काय करायचं? ते परत इमारतीच्या रंगात गेलं तर मी नाही यात.

दादा: इमारतीला नाही. निम्मं मंडळीतल्या अडलेल्या घरांना, निम्मं मंडळीबाहेरच्या अडलेल्यांना. कोणाला द्यायचं ते गटांनी ठरवायचं, कमिटीनं नाही. आणि हिशेब दर महिन्याला दारावर लावायचा, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

लेक: पाळकांचा पगारसुद्धा?

दादा: पाळकांचा पगारसुद्धा. त्याच कागदावर, पहिल्या ओळीत.